घरच्यांना मशिनीतलं काय कळतं? एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, पिरनवाडी भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो चौघांकडून आला. त्यातला एक माझा चुलतभाऊ. मजकुरात म्हटलंय ते थोडक्यात असं: कारखान्यातले अपघात कामगाराच्या बेपर्वाईनेच होतात. घरच्यांना भरपाई मिळाली की विषय संपायला हवा. तरी काही लोक मेलेल्याच्या बायकोला, आईला पुढे करून सुरक्षेच्या नावाने ओरडतात. या बायकांना मशिनीतलं काय कळतं? आणि हे असंच चाललं तर फाउंड्र्या, म्हणजे लोखंड ओतणारे कारखाने, बेळगाव सोडून सीमेपलीकडे शिनोळीला जातील.

त्या घरच्यांपैकी मी एक आहे. तीन वर्षांपूर्वी माझा दादा एका फाउंड्रीत फेटलिंग करताना गेला. मला कुणी पुढे केलेलं नाही, मी आपली आपण आले आहे.

आधी बेपर्वाईचं बघू. दादा गेला तेव्हाही पहिलं वाक्य हेच आलं होतं, की त्याने ग्राइंडरचा गार्ड, म्हणजे चाकावरचं झाकण, काढला होता. खरं आहे, गार्ड नव्हता. का नव्हता, हे मात्र कुणी विचारलं नाही. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा आणि जादा लोखंड घासून काढणं म्हणजे फेटलिंग. दादाच्या हातातला ग्राइंडर चार इंची होता आणि त्याला व्हील, म्हणजे घासायचं चाक, लावलेलं होतं सात इंची. मोठं व्हील जास्त दिवस चालतं आणि कास्टिंगच्या आतल्या खाचेपर्यंत पोचतं, म्हणून. पण सात इंची व्हील चार इंची गार्डात बसतच नाही. मग गार्ड उतरवायचा.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. सात इंची व्हीलवर छापलेली कमाल मर्यादा असते साधारण ८,५०० फेऱ्यांची. फेरे तेवढेच ठेवून व्हील मोठं केलं की त्याची कड कितीतरी जास्त वेगाने धावते. रेझिनने बांधलेलं ते व्हील मग स्वतःच्याच ओढीने फुटतं आणि गोळी सुटावी तसे त्याचे तुकडे सुटतात. समोर छाती असते, गळा असतो.

व्हीलची खरेदी दादाने केली नव्हती. स्टोअरमधून तेच मिळायचं. सात इंची ग्राइंडर मागितला तर दुसऱ्या शिफ्टकडे गुंतलाय असं उत्तर मिळायचं, आणि मजुरी नगावर असताना हातातलं काम ठेवून वाद घालत बसणं कुणाला परवडतं? बेपर्वाई होतीच. पण ती खरेदीच्या कागदावर होती, ग्राइंडर कुणाला किती द्यायचे या हिशेबात होती. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ ने यंत्रांचे धोकादायक भाग झाकण्याची जबाबदारी कारखाना चालवणाऱ्यावर टाकली. कामगाराने सुरक्षेच्या साधनाशी खेळू नये हेही त्याच कायद्यात होतं, कलम १११ मध्ये. पण जे साधन बसूच शकत नाही, त्याच्याशी तो खेळला असं कसं म्हणणार?

आणखी एक गोष्ट, जी हा मजकूर पसरवणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक नसावी. दादा गेला तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात १९९५ साली दुरुस्ती झाली होती. कामगार दारू प्यायलेला होता, त्याने मुद्दाम नियम मोडला, मुद्दाम गार्ड काढला, या सबबी मालकाला तेव्हापासून फक्त किरकोळ किंवा अंशतः अपंगत्व आणणाऱ्या इजांपुरत्या उरल्या. कामगाराचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा पूर्ण अपंग झाला, तर त्या चालत नव्हत्या. म्हणजे 'चूक त्याचीच होती' हे दादाबद्दल सिद्ध झालं असतं, तरी भरपाई नाकारता आली नसती. वैनीला हे कुणी सांगितलं नाही. उलट 'केस केलीस तर त्याचीच चूक निघेल आणि काहीच मिळणार नाही' असं सांगायला तेराव्याच्या आधी दोन माणसं घरी येऊन गेली.

म्हणून भरपाई मिळाली की विषय संपला, हे वाचल्यावर माझं डोकं फिरतं. त्या दोघांनी पाकिटातून रोख रक्कम आणली होती आणि स्टॅम्प पेपरवर वैनीची सही हवी होती, यापुढे काही मागणी नाही म्हणून. याच कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मृत्यूची भरपाई सरकारच्या भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागायची. तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम सोडली, तर मालकाने परस्पर घरी आणून दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नव्हती. आणि हक्क सोडल्याचा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल ठरायचा. हिशेबही सांगते. महिन्याचा पगार १५,००० च्या मर्यादेपर्यंत धरायचे, त्याचा निम्मा भाग घेऊन वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. तिसाव्या वर्षाचा गुणक २०७.९८ होता. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, साधारण १५ लाख ६० हजार. पाकिटात किती होते ते लिहीत नाही, वैनीला आवडणार नाही. दादा कंत्राटी होता, त्याचं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, भरलेलं नव्हतं. तरी कंत्राटदाराकडे बोट दाखवून मूळ कारखान्याला सुटता येत नव्हतं, ते कलम १२ मध्ये होतं. हे सगळं आम्ही दीड वर्ष हेलपाटे घालून शिकलो. पोलिसांचे कागद कन्नडमध्ये, आमच्या घरात कन्नड वाचणारा एकच, तोही नववीतला माझा भाचा. आपल्या वडिलांच्या मरणाचा पंचनामा त्या पोराने आईला वाचून दाखवला.

आता मशिनीतलं काय कळतं, याबद्दल. कामगार मुकादमाला सांगत नाही ते घरी सांगतो. जेवताना सांगतो. दादाने सांगितलं होतं की व्हील थरथरतंय आणि गार्ड बसत नाही, आईने ते ऐकलं होतं आणि 'उद्या जाऊ नको' असंही म्हणाली होती. सलग दोन शिफ्ट झाल्या हे घराला कळतं, कारण माणूस परतलेला नसतो. हातमोजे फाटलेत हे बायकोला कळतं, कारण फोडांवर खोबरेल तीच लावते. चौकशीला आलेल्या साहेबांनी ठेकेदाराचा जबाब घेतला, सुपरवायझरचा घेतला. आईला कुणी काही विचारलं नाही.

आपल्याकडे हे नवं वाटेल, पण जगात कायदे बदलले आहेत ते अशाच घरच्यांमुळे. दक्षिण कोरियात डिसेंबर २०१८ मध्ये किम योंग-ग्यून हा २४ वर्षांचा कंत्राटी मुलगा रात्रपाळीत एकटाच असताना वीजकेंद्राच्या कोळशाच्या कन्व्हेअरमध्ये अडकून गेला. त्याची आई किम मी-सूक संसदेच्या दारात गेली आणि त्याच महिन्यात कंत्राटी कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेवढ्यावर भागणार नाही हे दिसल्यावर २०२० च्या हिवाळ्यात ती उपोषणाला बसली. जानेवारी २०२१ मध्ये गंभीर अपघातांसाठी थेट वरच्या व्यवस्थापनाला शिक्षा करणारा कायदा मंजूर झाला. ती इंजिनियर नव्हती.

अमेरिकेतली गोष्ट तर आपल्या जिल्ह्याने ऐकायलाच हवी. २००३ मध्ये इंडियाना राज्यात मोटारीची चाकं ओतणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला, त्यात शॉन बून हा तरुण गेला. त्याची बहीण टॅमी मायझर तेव्हापासून एकच सांगत राहिली, की साचलेली धूळ पेटते, तिच्यासाठी वेगळा नियम करा. फेब्रुवारी २००८ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट झाला आणि १४ कामगार गेले. पुढच्याच महिन्यात ती संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला उभी राहिली. ओतकाम आणि साखर, आपल्या जिल्ह्याचे हेच दोन मोठे धंदे. चिकोडी, अथणी, गोकाकच्या कारखान्यांत पॅकिंगला जाणाऱ्या किती पोरांना बारीक साखरेची धूळ पेटते हे माहीत आहे?

माहीत करून देणं मालकाचं काम. कारखाना कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावायच्या असत. ज्या शेडमध्ये खानापूर, चंदगडची मराठी पोरं काम करतात तिथे मराठीत, जिथे ओडिशाची करतात तिथे ओडियात. भाषेच्या प्रश्नावर आपल्याकडे सगळे तावातावाने बोलतात, ग्राइंडरवरच्या पाटीची भाषा मात्र त्यात कधी आलेली मी ऐकलेली नाही.

शिनोळीच्या धमकीबद्दल फार लिहीत नाही. शिनोळी चंदगड तालुक्यात आहे, चंदगड महाराष्ट्रात आहे, आणि कारखाना कायदा दोन्हीकडे तोच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणारी केंद्राची कामगार सुरक्षेची संहिताही दोन्हीकडे तीच. सीमा ओलांडून गेल्यावर गार्ड माफ होत नाही. उलट नव्या संहितेने लहान शेडना सवलतच दिली आहे. विजेवर चालणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणायला आधी १० कामगार पुरत होते, आता २० लागतात. फेटलिंगची कंत्राटी कामं ज्या पत्र्याच्या शेडमध्ये चालतात, त्यातल्या बऱ्याच याच फटीत बसतील. नियम वाढल्याची ओरड कशाच्या जोरावर चालली आहे, मला समजत नाही. मृत्यू झाल्यास ५ लाखांपासून पुढे दंड आणि त्यातला निम्मा तरी वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं, हे एक चांगलं कलम त्यात आलं आहे. पण ते माणूस गेल्यानंतरचं.

आमची मागणी साधी आहे. चौकशीत घरच्यांचा जबाब घ्या. अहवालाची प्रत आम्हाला कळेल अशा भाषेत द्या. आणि चार इंची ग्राइंडरच्या शेजारी सात इंची व्हील स्टोअरमध्ये दिसलं, तर त्या दिवशी काम थांबवा.

मजकूर पाठवणाऱ्या चुलतभावाशी मी भांडले नाही. तो याच पट्ट्यात ग्राइंडिंगला आहे. 'तुझ्या मशिनीला गार्ड आहे का रे?' एवढंच विचारलं. दिवसभर उत्तर नव्हतं. रात्रपाळी सुरू झाल्यावर त्याने फोटो पाठवला, चार इंची ग्राइंडर आणि त्यावर सात इंची व्हील. खाली लिहिलं होतं, 'ताई, माझं नाव येऊ देऊ नको.' तक्रार करणाऱ्याचं नाव निरीक्षकाने गुप्तच ठेवायचं, असं १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यातच घातलं होतं, हे मी त्याला कळवलं. अर्ज वैनीने लिहायला घेतला आहे, कन्नडमध्ये. भाचा स्पेलिंग सांगतो आहे.