पंप बदलला ना? मग झालं तर!

अभिनंदन! मशीनचा जुना हायड्रॉलिक पंप (तेलाच्या जोरावर सिलिंडर हलवणारा) खडखड करत गेला, नवा बसला, बोल्ट आवळले. मशीन दोन दिवस उभी म्हणून साहेबांच्या फेऱ्या चालू आहेत. तेव्हा आणखी वेळ घालवू नका, स्टार्टर दाबा.

टाकी उघडून बघायचा मोह होईल, तो आवरा. तळाच्या गाळात बोट फिरवलंत तर बोटावर सोनेरी चमक येईल. तो जुन्या पंपाच्या पिस्टन शूजचा (पिस्टनच्या टोकांना बसवलेल्या सरकत्या टोप्यांचा) चुरा, त्याने मागे ठेवलेली इस्टेट. ती नव्याच्या नावावर करायला वेगळं काही करावं लागत नाही, तेल बिनबोभाट पोचवतं. थोडा माल सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हमध्येही ठेवलेला असतो, तोही सवडीने परत येईल. पंपाच्या आतल्या फटी पाच-दहा मायक्रॉनच्या आणि आपल्या डोळ्याला 40 मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही. म्हणून तेल बाटलीत भरून उजेडाकडे धरा, "काचेसारखं आहे" म्हणा आणि तेच चालवा.

कोणी फारच आग्रह धरला तर नवं तेल घाला, पण बॅरलमधून बादलीत आणि बादलीतून टाकीत. बादली काल कूलंटला वापरली होती, तरी हरकत नाही. सीलबंद बॅरलचं तेल पंपाला पुरेसं स्वच्छ असतंच असं नाही, म्हणून फिल्टर कार्टने (चाकांवरच्या गाळणीच्या गाड्याने) गाळून भरा, असं सांगणारे लोक भेटतात. त्यांच्याकडे वेळ असतो. टाकी पुसायचीच तर कॉटन वेस्टने पुसा, त्याचे धागे सक्शन स्ट्रेनरला, म्हणजे पंप जिथून तेल ओढतो तिथल्या जाळीला, पांघरूण होतात.

जुना फिल्टर डिझेलमध्ये बुचकळा, हवा मारा, परत घाला. मी एका फिटरला ओळखतो, तो प्रत्येक जुना फिल्टर करवतीने कापायचा, घड्या उलगडून आत काय अडकलंय ते बघायचा आणि पंप गेला की अख्खी सिस्टीम फ्लश केल्याशिवाय मशीन द्यायचा नाही. त्याने बसवलेला पंप अजून चालतोय. रजिस्टरमध्ये मात्र एवढंच आहे, की त्याने मशीन तीन दिवस बंद ठेवली.

चालू करण्याआधी केस ड्रेनच्या पोर्टमधून (पंपात आत झिरपलेलं तेल टाकीत परत जायच्या तोंडातून) पंपाच्या पोटात तेल भरा, असं मॅन्युअल म्हणतं. मॅन्युअल छापणाऱ्यांना प्रॉडक्शन काढायचं नसतं. कोरडाच पळवा. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) सैल करून आधी बिनलोडवर चालवणं, मोटार क्षणभर फिरवून दिशा बघणं, हेही त्यांचेच लाड. उलटी फिरत असेल तर आज ना उद्या कळेलच.

मग डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येईल. सक्शनला तेल पुरत नाही किंवा कुठल्या तरी सैल जोडातून हवा ओढली जातेय, असं कोणी म्हणेल. तुम्ही म्हणा, "नवीन आहे, रुळेल." टाकीत फेस आला तर झाकण लावा.

सिलिंडर हळू चालला तर रिलीफ व्हॉल्व्ह आवळा. वेग तेलाच्या प्रवाहाने ठरतो, प्रेशरने नाही, हे खरं. पण गेजचा काटा चढताना दिसला की साहेबांना बरं वाटतं आणि आपल्यालाही काहीतरी केल्यासारखं.

(एक गोष्ट मात्र थट्टेत घेऊ नका. होजची गळती हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल कातडीतून आत घुसतं. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, पण तातडीने ऑपरेशन न झाल्यास बोट, कधी हातही जातो. लांबून पुठ्ठा फिरवा. आता पुढे चला.)

हे सगळं मनापासून केलंत तर पंप फार दिवस अडवून धरणार नाही. मग कडक शब्दांत वॉरंटीचं पत्र पाठवा. सप्लायरचा माणूस येईल, पंप खोलेल, व्हॉल्व्ह प्लेटवरचे गोल गोल ओरखडे टॉर्चखाली दाखवेल आणि विचारेल, "टाकी साफ केली होती?"

तुम्ही शांतपणे विचारा, "बिघडलाय पंप, टाकीचा काय संबंध?"