जास्त टॅक्स भरेल त्याच्या मताला जास्त वजन? हे प्रशियात 69 वर्षं चाललं होतं

निवडणूक आली की आमच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, टॅक्स आम्ही भरायचा आणि मत मात्र सगळ्यांचं सारखं, हा कुठला न्याय, जो जास्त भरतो त्याच्या मताला जास्त वजन द्या. खाली पन्नास अंगठे. शिकलेली, चांगल्या नोकरीतली माणसं असतात ही आणि त्यांना हे मनापासून पटलेलं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण ही आयडिया नवीन नाहीये, जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, प्रशियात, हा कायदाच होता, 1849 पासून 1918 पर्यंत.

पद्धत अशी. 24 वर्षांवरच्या पुरुषांना मत (बायकांना नाहीच, आणि गरिबांसाठीची सरकारी मदत घेणाऱ्यालाही नाही). मग त्या भागातल्या मतदारांची डायरेक्ट टॅक्सप्रमाणे (म्हणजे कमाई, जमीन अशा गोष्टींवर थेट भरायचा कर) वरून खाली यादी करायची आणि एकूण टॅक्सचे तीन सारखे भाग पाडायचे. वरचा एक तृतीयांश हिस्सा भरणारे मोजके श्रीमंत म्हणजे पहिला वर्ग, पुढचा हिस्सा भरणारे दुसरा आणि उरलेली सगळी जनता तिसरा. तिन्ही वर्गांनी सारख्याच संख्येने प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी मग आमदार निवडायचा. 1849 मध्ये पहिल्या वर्गात मतदार होते 4.7 टक्के आणि तिसऱ्यात 82.7 टक्के. म्हणजे वरच्या एका माणसाचं मत खालच्या सतरा जणांना भारी. काही ठिकाणी तर पहिल्या वर्गात एकच माणूस असायचा, आणि तो एकटा आपल्या वर्गाचे प्रतिनिधी निवडून घरी जायचा!

आणि मतदान गुप्त नाही, ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. मतपत्रिका नाही, पेटी नाही. कामाच्या दिवशी एका हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं, नाव पुकारलं की टेबलापुढे जायचं आणि कोणाला मत देतोय ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोलायचं, समोरचा माणूस ते तुमच्या नावापुढे लिहून घेणार. आता पूर्व प्रशियातला शेतमजूर डोळ्यासमोर आणा, राहतो जमीनदाराने दिलेल्या खोलीत, आणि त्याच जमीनदाराचा माणूस त्या हॉलमध्ये उभा आहे. तो कोणाचं नाव घेणार? त्यातून दिवसाची मजुरी बुडणार ती वेगळीच. तिसऱ्या वर्गातले बहुतेक लोक मतदानाला जातच नसत आणि मी त्यांना अजिबात दोष देणार नाही.

यावर अभ्यासू मंडळी, या पद्धतीतूनही राजाला विरोध करणारे निवडून आले होते, असं म्हणत 1862 चं उदाहरण देतात, आणि ते खरंय, त्यामुळे टाळत नाही. त्या मे महिन्यात याच पद्धतीने झालेल्या निवडणुकीत राजाच्या बाजूचे कॉन्झर्व्हेटिव्ह पार झोपले, 352 जागांच्या सभागृहात त्यांचे डझनभरच उरले. पैसेवाल्या शहरी मतदारांनी लिबरल लोक निवडून दिले आणि त्यांनी राजाचं सैन्यवाढीचं बजेट अडवलं. हिंमतीचं काम होतं, मान्य. पण पुढे काय झालं? सप्टेंबरमध्ये राजाने बिस्मार्कला सरकारचा प्रमुख म्हणून आणलं, त्याने बजेट मंजूर नसताना चार वर्षं बिनधास्त टॅक्स गोळा केला आणि सरकार चालवलं. लिबरल भाषणं करत राहिले, ठराव करत राहिले, 1863 मध्ये परत जिंकलेसुद्धा, पण बिस्मार्कला काही फरक पडला नाही कारण त्यांच्यामागे रस्त्यावर उतरणारी जनता नव्हती. आणि असणार कशी, त्या जनतेला सारखं मत द्यायला यातले बरेच जण स्वतःच तयार नव्हते. लासालसारखा कामगार पुढारी तेव्हा कामगारांना सांगत होता की आधी सगळ्यांना समान मताचा हक्क मागा, आणि मला वाटतं त्या सगळ्या भांडणात नेमकं दुखणं त्यालाच कळलं होतं. 1866 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्धचं युद्ध जिंकल्यावर त्याच सभागृहाने मागचा सगळा बिनमंजुरीचा खर्च माफ करून टाकला.

खुद्द बिस्मार्कने 1867 मध्ये भर संसदेत सांगितलं की याहून विसंगत आणि भिकार निवडणूक कायदा कुठल्याच देशात कोणी काढलेला नाही. उत्तर जर्मन संघाच्या (प्रशिया आणि उत्तरेकडची इतर जर्मन राज्यं मिळून बनलेल्या) संसदेसाठी त्याने सगळ्या पुरुषांना समान मत दिलं, पण प्रशियात मात्र जुनंच चालू राहिलं. 1903 मध्ये तिथे सोशल डेमोक्रॅट या कामगारांच्या पक्षाला जवळपास 19 टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या शून्य. एकही नाही!

आता मूळ मुद्दा, टॅक्स. प्रशियात मोजला जायचा फक्त डायरेक्ट टॅक्स. पण बऱ्याच शहरांत पीठ आणि मांसावरही कर होता, तो ब्रेड विकत घेणारा कामगार रोजच्या खाण्यातून भरत होता आणि मताचं वजन ठरवताना तो कोणी धरायचाच नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशी बिस्किटापासून मोबाईल रिचार्जपर्यंत सगळ्यावर जीएसटी भरतात, मग त्या टॅक्स भरत नाहीत असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? त्यांच्या कमाईच्या मानाने बघितलं तर तो कमीही नाही.

ब्रिटिशांच्या काळात आपल्याकडेही मत मालमत्ता, टॅक्स आणि शिक्षण बघूनच मिळायचं. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी सगळ्या प्रौढांना मताधिकार मागितला तो याच व्यवस्थेविरुद्ध. तेव्हाही लोक म्हणत होतेच, अडाण्यांच्या हातात मत कसं द्यायचं.

प्रशियातला कायदा कोणी समजूतदारपणे मागे घेतला नाही. महायुद्धात हार झाली, नोव्हेंबर 1918 मध्ये क्रांती झाली, राजा पळाला, तेव्हा तो गेला. जानेवारी 1919 मध्ये तिथे पहिल्यांदा सगळ्यांनी सारखं आणि गुप्त मत दिलं, बायकांनीसुद्धा, आणि ज्या पक्षाला 1903 मध्ये एक जागा मिळत नव्हती तोच सगळ्यात मोठा पक्ष ठरला. तो मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा, तुमच्या योजनेत मावशींचा जीएसटी धरणार की नाही, आणि त्यांच्या एका मताची किंमत तुमच्या मताच्या किती पट कमी ठेवणार?