सुस्वागतम्, पण पाय सांभाळून

परवा पावसाची एक जोरदार सर आली आणि आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या नव्याकोऱ्या कमानीवरच्या 'सुस्वागतम्'मधल्या म चा पाय गेला. तो म मुळातच पाय मोडका. त्या मोडक्या पायातला दिवा विझला, एवढंच झालं. पण संध्याकाळपासून येणारा-जाणारा मला थांबवून सांगतोय, "अहो, तुमचा पाय गेला." कमान बसवून एकोणीस दिवस झालेत. खड्डे खणण्यापासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सगळं उभं राहून करवून घेतलं, तेव्हा एकानेही मान वर करून पाहिलं नव्हतं.

डोंबिवली पूर्वेला फडके रोडला मिळणारी ही गल्ली, तोंड सहा मीटर. दुकानदारांनी वर्गणी काढली, कमान ठरली, देखरेख माझ्या गळ्यात पडली.

कमान म्हणजे दोन खांब आणि वर पाटी असं ज्याला वाटतं, त्याने एकदा वाऱ्याचं गणित मांडावं. मुंबईच्या पट्ट्यात सेकंदाला 44 मीटर वारा धरतात. त्याचा वर्ग करून 0.6 ने गुणलं की चौरस मीटरला साधारण 118 किलोचा रेटा निघतो. आमची पाटी 20 बाय 3 फूट, म्हणजे तिच्यावर रेटा साडेसहाशे किलोंच्या वर. तोही अठरा फुटांवर, कारण खालून अग्निशमनचा बंब जायला जागा मोकळी लागते. घाटकोपरला 13 मे 2024 रोजी 120 बाय 120 फुटांचं होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली, तेव्हापासून कुणी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट मागितलं की मी निमूट देतो. तेच सर्टिफिकेट परवानगीच्या तीन टेबलांवर तीनदा, दर वेळी 'मूळ प्रत' म्हणून मागतात, तेव्हा मात्र डोकं फिरतं. मूळ प्रत एकच असते, म्हणून तर तिला मूळ म्हणतात.

खड्डे चार बाय चार, खोली पाच फूट. डाव्या खड्ड्यात दुसऱ्याच फुटाला पाण्याची लाइन लागली. खड्डा दीड फूट सरकवला. तोवर वरची फ्रेम 20 फुटांवर कापून तयार होती, मग तिला दीड फुटाचं ठिगळ वेल्ड केलं. आधी चाचणीचा खड्डा घ्या, मग लोखंड कापा, हे मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो. पण फॅब्रिकेटरला माल 'आजच लावायचा' असतो. खांब काँक्रीटला धरून ठेवणाऱ्या जे-बोल्टचंही तेच. बोल्ट टेम्प्लेटमध्ये घट्ट धरून काँक्रीट ओतावं लागतं, नाहीतर व्हायब्रेटर लागला की ते नाचतात आणि खांबाच्या तळाच्या बेसप्लेटची भोकं जुळत नाहीत. आमच्या चारातला एक नाचला. मग गॅस कटरने भोक मोठं केलं आणि वर जाड वॉशर घातला. हे पाप सगळेच करतात, कबूल कुणी करत नाही.

अक्षरांचा ताप वेगळाच. इंग्रजी अक्षरं सुटी बसतात. आपल्याकडे शिरोरेघ आहे, शब्द अखंड हवा. पण लांबलचक अखंड शब्द टेम्पोत मावत नाही. मग तो तोडायचा कुठे? चुकीच्या जागी तोडला की रात्री शिरोरेघेत काळी फट दिसते. शिवाय आपला उकार खाली लोंबतो, पाय मोडण्याची तिरकी रेघही खालीच. अठरा इंच म्हणून मागवलेल्या अक्षराचं अंग भरतं जेमतेम बारा इंच. दहा फुटांना एक इंच या हिशेबाने ते 120 फुटांवरून नीट वाचता येतं. दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षर इतर भाषेपेक्षा लहान नको, असा कायदा 2022 पासून आहे, पण उकार मापात धरायचा की नाही, हे अक्षरं कापणाऱ्याला कोण सांगणार?

अक्षरं चढवायच्या रात्री ते काका आले. झब्बा-लेंगा, कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी अळूची पानं. रात्री साडेअकराला अळू कुठे मिळालं, हे मी विचारलं नाही.

"काय लिहिताय?"

"सुस्वागतम्."

काका पिशवी खाली ठेवून सावकाश म्हणाले, "दोनदा?"

"एकदाच, काका."

"स्वागत म्हणजे सु अधिक आगत. एक सु आत आहेच. तुम्ही वर दुसरा लावताय."

"सगळीकडे असंच लिहितात."

"सगळे चहात साखर घालून वर गूळ घालतात का?"

वरून पोरगा ओरडला, "साहेब, सु लावू का?" काका म्हणाले, "थांब." आणि तो थांबला! तीन दिवस मी 'पाणसळ बघ, पाणसळ बघ' म्हणून घसा फोडतोय, तेव्हा हा कधी थांबला नव्हता.

"दर कसा लावलाय?"

"इंचाला दीडशे. अठरा इंच."

"सत्तावीसशे." काकांना कागद लागला नाही. "नसलेल्या अर्थाचे सत्तावीसशे रुपये. आणि स्वा चे?"

इथे माझी दुखरी नस होती. स्वा एक अक्षर की दोन, यावर बनवणाऱ्याशी माझं आठवडाभर वाजलं होतं. तो म्हणे अर्धा स एक, वा एक, काना वेगळा. शेवटी दीडावर तुटलं होतं.

"दीड?" काका प्रसन्न हसले. "तुम्ही व्याकरणाचा सौदा केलात."

"काका, परवानगीच्या अर्जात सुस्वागतम् लिहिलंय. बदललं तर पुन्हा तीन टेबलं."

"गुढीपाडव्याला डोंबिवलीत यात्रा निघते, 1999 पासून. तिचं नाव काय?"

"स्वागतयात्रा."

"सुस्वागतयात्रा नाही ना?"

खरं सांगतो, उत्तर नव्हतं. मी वरच्या पोराला म्हटलं, "लाव रे सु." काका पिशवी उचलून दहा पावलं गेले, परत आले आणि म्हणाले, "डावीकडे उतार आहे." पाणसळ लावली. होता. अर्ध्या इंचाचा. त्या ठिगळापाशी.

आता त्या पायाचं. अक्षरांच्या आत एलईडी दिव्यांची 140 मॉड्यूल आहेत, प्रत्येकी एक वॅट. त्यांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, ऐंशी टक्क्यांच्या पुढे ताणू नये म्हणून 200 वॅटचा घेतला, आणि लांबचं टोक मंद पडू नये म्हणून वायर दोन्ही बाजूंनी दिली. मॉड्यूल पाण्याला दाद देत नाहीत. पण त्यांच्यामधले वायरचे जोड काळी टेप गुंडाळून सोडलेले असतात, आणि टेप पावसात सुटते. म्हणून प्रत्येक अक्षराला तळाशी सहा मिलिमीटरचं भोक ठेवतात, आत शिरलेलं पाणी निघून जायला. म चा सगळ्यात खालचा तुकडा हा मोडका पाय, पाणी तिथेच उतरणार. भोक तिथे होतं. रंगाऱ्याला ते 'राहून गेलेलं' वाटलं आणि त्याने मनापासून, बोटाने गुळगुळीत करून, सिलिकॉनने बुजवलं. वर मला दाखवलंही, "बघा साहेब, फिनिशिंग." मी छान म्हटलं होतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची: सिलिकॉन खरवडायचं, जोड सोल्डर करून वर तापवली की आवळणारी श्रिंक स्लीव्ह चढवायची, एक मॉड्यूल बदलायचं. पण अठरा फुटांवर जायला चाकांची परांची लागते, तिचं भाडं पूर्ण दिवसाचं, आणि गल्ली अडवायची तर रात्री बारानंतर. वॉरंटीत पाणी बसत नाही. उघड्यावर लावायच्या पाटीच्या वॉरंटीत पाणीच बसत नाही!

काल रात्री काका खाली उभे राहून वर बघत होते. मी आधीच म्हणालो, "गुरुवारी परांची येतेय."

"पूर्ण दिवसाचं भाडं?"

"हो."

"मग त्याच भाड्यात," काका म्हणाले, "तो सु पण उतरवून घ्या."