खुलासा : ‘अंडरस्टेट’ आणि ‘अंडरएस्टिमेट’ एकच नव्हेत
नागपुरात स्पर्धा परीक्षेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक तक्ता फिरतोय: अंडरस्टेट, अंडरएस्टिमेट, डाउनप्ले, बिलिटल हे इंग्रजी शब्द समानार्थी, कुठलंही वापरा. हे चूक आहे.

मे महिन्यात पारा 45 वर गेलेला ठाऊक असून “जरा ऊन आहे” म्हटलं, तर ते अंडरस्टेट. 45 होणार तिथे 40 धरलं, तर अंडरएस्टिमेट. इथे फसतो तो अंदाज, बोलायचीही गरज नाही. उष्माघाताचा धोका मुद्दाम किरकोळ भासवणं म्हणजे डाउनप्ले. बिलिटलमध्ये तुच्छता असते. ते बहुधा माणसाला किंवा त्याच्या कामाला लागतं.

उलट बाजूला, म्हणजे वाढवून सांगण्यात, एक्झॅजरेट आणि ओव्हरस्टेट बरेचसे जवळचे. एम्बेलिश म्हणजे पदरचं तिखटमीठ लावणं. ओव्हर-एक्झॅजरेट कृपया लिहू नका, अति त्यात आधीच आहे.

खरी गोची ‘कॅनॉट बी ओव्हरस्टेटेड’ची. महत्त्व इतकं, की कितीही सांगा, अतिशयोक्ती होणार नाही. तिथे अंडरस्टेटेड घातलं, तर शब्दशः अर्थ निघतो: कितीही कमी सांगा, कमी पडणार नाही. म्हणजे महत्त्व शून्य! ‘शुड नॉट बी अंडरस्टेटेड’ मात्र बरोबर, कारण तिथे ‘कमी लेखून सांगू नये’ एवढंच म्हणायचं असतं.