अर्काच्या बाटलीसाठी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका

मेडिकलच्या काउंटरवर हल्ली एक प्रश्न फार येतो. "दादा, ही कोलेस्टेरॉलची गोळी जन्मभर कोण घेणार? त्यापेक्षा एखादा अर्क द्या की."

परवा मंगळवार पेठेतल्या एक काकू ऑनलाइन मागवलेली बाटली घेऊन आल्या. पुढं हिरवं पान आणि 'शंभर टक्के नैसर्गिक'. मागं बारीक अक्षरात गार्सिनिया, ग्रीन टीचा अर्क, गुग्गुळ. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी त्यांनी परस्पर सोडली होती. रिपोर्टमध्ये एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १८६. अँजिओप्लास्टी झालेली बाई! मी त्यांना तिथूनच डॉक्टरांकडं धाडलं.

गुग्गुळाबद्दल मला आदर आहे. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात सुश्रुतसंहितेतल्या मेदोरोगाचा, म्हणजे चरबीच्या विकाराचा, धागा धरून त्यावर संशोधन झालं, पुढं लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेनं त्यातून औषधही तयार केलं. भारतातल्या सुरुवातीच्या अभ्यासांत कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं. पण २००३ साली अमेरिकेतली १०३ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत गुग्गुळवाल्यांचं एलडीएल ४-५ टक्क्यांनी वाढलं, काहींच्या अंगावर पुरळ उठलं. शिवाय गुग्गुळामुळं डिल्टिआझेम आणि प्रोप्रानोलॉलचं शोषण कमी होतं. या गोळ्या घेतं कोण? हृदयाचे आणि बीपीचेच पेशंट.

गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाच्या भावकीतलं झाड. आमसुलाची आमटी, सोलकढी खुशाल ओरपा, पोटाला बरंच आहे. पण फळाच्या सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक ॲसिड घट्ट करून कॅप्सूलमध्ये भरलं की ते औषधासारखंच वागतं. वजन उतरलं तर जेमतेम किलोभर, आणि लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीचंही तसंच. कपभर चहा वेगळा, अर्क वेगळा. गोळीतून रोज ८०० मिलीग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीमधला मुख्य घटक, गेलं तर लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलंय. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर बाटली बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

"पण स्टॅटिन केमिकल आहे ना?" असंही विचारतात. अहो, पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतूनच वेगळं काढलं. फरक एवढाच की पुढं ही औषधं हजारो पेशंटवर वर्षानुवर्षं तपासली गेली, मात्रा ठरली, दुष्परिणाम उघड लिहिले गेले. अर्क विकणाऱ्यांकडं मी तेच मागतोय. त्यात काय चुकलं?

झाडपाल्यातलंच काही हवं असेल तर इसबगोल घ्या. त्यानं एलडीएल थोडं, पण खरोखर उतरतं. ते गोळीच्या जोडीला घ्यायचं, गोळीच्या जागी नाही. मोठा ग्लासभर पाण्यातून घ्या, नाहीतर घशात अडकतं. आणि बाकीच्या गोळ्या त्याच्या आधी किंवा नंतर दोन तास सोडून घ्या.