बडोद्यातून वादळ का पाहायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

‘बिपरजॉय’ चक्रीवादळाचा मार्ग कसा बदलत गेला, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “समुद्र कुठे, बडोदं कुठे! पंख्याखाली बसून वादळं मोजायची हौस नुसती. २०१९ मध्ये ‘वायू’च्या नावानेही असाच गोंधळ झाला, ते आलंच नाही. लोकांना घाबरवू नका. आणि नकाशा वाचताही येत नाही.”

नकाशा मोबाइलवर बारीक दिसतो, हे मान्य. मोठा टाकतो. पण अनोळखी माणसाशी या भाषेत बोलायचं कारण काय? मतभेद सभ्यपणेही सांगता येतात.

समुद्र कुठे, बडोदं कुठे? सांगतो. जून १९९८ मध्ये माझे मामा गांधीधामला नोकरीला होते. ९ तारखेला वादळ शेजारच्या कांडला बंदरावर गेलं, आणि मामांचा आवाज ऐकू येईपर्यंत बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आजी फोनपासून हलली नाही. मामा वाचले. त्यांच्या ओळखीतले सगळे वाचले नाहीत. त्या घरात वाढलेल्या माणसाला तुम्ही हौशी म्हणता?

बरं, कच्छ-कांडला दूर म्हणून सोडून देऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये आपण कुठे होतात? मध्य प्रदेशाकडून सरकत आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने गुजरातभर पाऊस ओतला, बडोद्यातली विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, वस्त्यांत पाणी आणि पाण्यात मगरी. तेच क्षेत्र पुढे कच्छपाशी समुद्रावर गेलं आणि ३० ऑगस्टला त्याचं ‘असना’ चक्रीवादळ झालं. वारा ताशी ६२ किलोमीटरला पोहोचल्याशिवाय नाव मिळत नाही. म्हणजे आपलं शहर आधी बुडालं, नाव मागाहून आलं! ज्यांच्या घरात चिखल होता त्यांना जाऊन विचारा, समुद्र कुठे ते.

‘वायू’चं म्हणाल तर ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ते गुजरातच्या किनाऱ्यावर वेरावळच्या तोंडाशी येऊन वळलं. ‘बिपरजॉय’ ६ जून २०२३ पासून अरबी समुद्रात रेंगाळलं, दिशा बदलत राहिलं आणि १५ जूनला कच्छमधल्या जखौजवळ धडकलं. म्हणूनच मी लिहिलं होतं की नकाशावरची वादळाच्या अंदाजित मार्गाची मधली रेघ बघू नका, तिच्याभोवती रुंदावत जाणारा शंकू बघा. हवामान खात्याचे आधीचे अंदाज सरासरी किती किलोमीटरने चुकले, त्यावरून तो आखतात. हे तुम्ही वाचलंच नाहीत, असं दिसतंय.

घाबरवण्याच्या आरोपाला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. वादळ झालं की हवामान खात्याचं बुलेटिन दर तीन तासांनी येतं. पुढच्या वेळीही ते मी मराठीत, आपल्या माणसांसाठी समजावून लिहिणार आहे. तुम्हाला नको असेल, तर वाचू नका.