'मग हार्मोनचं पाल्हाळ कशाला?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कासवाच्या भ्रूणात बीजांडकोश (मादीची अंडी बनवणारी ग्रंथी) कसा घडतो, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : "तापमानच मादी ठरवतं म्हणता, मग हार्मोनचं पाल्हाळ कशाला? कुठूनतरी उचलून लिहिलेलं दिसतंय. मगरीचं तर नावही नाही. कोकणातल्या हॅचऱ्यांबद्दलही गप्प."

मगरीचं मान्य. तिची अंडी साधारण 32-33 अंशांना उबली तर नर जास्त निपजतात आणि त्याहून कमी उबेत माद्या, म्हणजे कासवापेक्षा वेगळं. ही ओळ आता लेखात घातली आहे.

'उचलून' हे मात्र मी ऐकून घेणार नाही. शंका विचारायची एक रीत असते. समोरच्याला चोर ठरवून कोणी प्रश्न विचारत नाही. माझी सगळी नोकरी प्राणिशास्त्र शिकवण्यात गेली. सरड्याचे भ्रूण मेणात बसवून त्यांचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि मुलांना दाखवायचे, हे मी वर्षानुवर्षं केलंय. बीजांडकोश होऊ घातलेल्या ग्रंथीचा बाहेरचा थर जाड होत जातो, त्यात टपोऱ्या बीजपेशी दाटीनं बसतात आणि आतला गाभा विरळ होऊन त्यात पोकळ्या पडतात. वृषणात, म्हणजे नराच्या ग्रंथीत, नेमकं उलट : बाहेरचा थर पातळ आणि गाभ्यात नलिका. हे मी मायक्रोस्कोपला डोळा लावून पाहिलंय. तुम्ही कधी पाहिलंय का?

आता तुमचं पहिलं वाक्य. तापमान ठरवतं, पण कोणाच्या हातून? लाल कानाचं कासव घ्या. मूळचं अमेरिकेतलं, पण आपल्याकडेही काचेच्या टाकीत सर्रास पाळतात. त्याची अंडी 26 अंशांना उबवली तर नर निघतात, 31 ला माद्या. पण 26 लाच उबवत ठेवलेल्या अंड्याच्या कवचावर योग्य वेळी इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन गटातलं हार्मोन लावलं, तर आत बीजांडकोश तयार होतो. ऊब तीच राहिली, फक्त हार्मोन वाढलं! उलट बाजूही तपासलेली आहे. टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवणारं अरोमाटेज हे एन्झाइम औषधानं रोखलं, तर मादीच्या उबेतही नर निपजू शकतात. मग हार्मोन वगळून बीजांडकोशाबद्दल लिहायचं तरी काय?

आणि ही ऊब केव्हाही देऊन चालत नाही. उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या हिस्स्यात ग्रंथी अजून दोन्हीकडे वळू शकते, तेव्हाच उबेचा परिणाम होतो. एकदा बीजांडकोशाची घडण पक्की झाली, की नंतर अंडं थंड केलंत तरी तो मागे फिरत नाही. हे सगळं त्याच लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही तिथवर पोचलाच नाहीत, असं मला स्पष्ट वाटतं.

हॅचऱ्यांचा, म्हणजे कासवांची अंडी जपून उबवण्याच्या जागांचा, विषय वेगळा आहे, त्यावर इथे बोलणार नाही.

लेखातली कुठली ओळ चुकीची वाटते ते नेमकं लिहा, मी उत्तर देईन. पुन्हा 'उचललेलं' म्हणालात, तर देणार नाही.